ट्रायलमध्ये प्रश्न किती विचारले होते? अनेक गृहीतकांची चाचणी आणि पी-मूल्याचा अर्थ

कातळसडा

रत्नागिरीत आम्ही काही मंडळी अधूनमधून संध्याकाळी जमून एखादा वैद्यकीय शोधनिबंध वाचतो. बहुतेक जण डॉक्टर आहेत. मी संख्याशास्त्रवाला, क्लिनिकल ट्रायलच्या आकडेवारीचं काम घरून करतो. मागच्या बैठकीत कुणीतरी एका औषधाचं माहितीपत्रक आणलं होतं. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं की साठीपुढच्या मधुमेही रुग्णांत लक्षणीय फायदा, पी = ०.०३. मूळ निबंध काढून पाहिला तर ट्रायलचा मुख्य निष्कर्ष नकारार्थी निघाला. फायदा दिसला होता तो तपासलेल्या बारा उपगटांपैकी एकात. उरलेल्या अकरांबद्दल पत्रकात अवाक्षर नाही.

०.०३ हा आकडा बरोबरच होता, गणितात कुठे चूक नव्हती. तरीही रुग्णाला औषध लिहून देताना त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही, आणि तो का उरत नाही हे डॉक्टरांना, औषधविक्रेत्यांना आणि रुग्णांच्या घरच्यांनाही कळायला हवं असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा.

पी-मूल्य म्हणजे औषधाचा काहीही उपयोग नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. ते ठरलेल्या पातळीच्या खाली आलं की फरक सार्थ धरतात. ही सार्थकतेची पातळी ०.०५ धरायची याचा अर्थ असा: औषधाचा काहीही उपयोग नसताना निव्वळ योगायोगाने 'उपयोग आहे' असं म्हणून बसण्याची शक्यता आपण शंभरात पाच इतकी मान्य केली. ही मुभा एका प्रश्नापुरती असते. स्वतंत्र प्रश्न चार विचारले, तर निदान एकदा फसण्याची शक्यता १ − ०.९५⁴, म्हणजे सुमारे १८.५ टक्के. बारा विचारले तर ४६ टक्के आणि वीस विचारले तर ६४ टक्के. उपगट एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र नसतात, त्यामुळे आकडा थोडा खालीवर होईल, पण दिशा तीच राहते. एका गटातल्या सगळ्या प्रश्नांत मिळून निदान एकदा चुकीचा होकार येण्याच्या या शक्यतेला संख्याशास्त्रात 'फॅमिली-वाइज एरर रेट' म्हणतात. मी तिला 'एकूण चूक' म्हणेन.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) रुग्ण येतात. समजा दोन उपचारपद्धतींची तुलना केली आणि चार गोष्टी मोजल्या. पी-मूल्यं अशी आली: ताप उतरायला लागलेला वेळ ०.०११, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) ०.०१६, प्लेटलेट ०.०३०, रुग्णालयातले दिवस ०.०४१. चारही ०.०५ च्या खाली आहेत. आता किती खरे धरायचे?

बॉनफेरोनीच्या पद्धतीने ०.०५ ला चाराने भागायचं, म्हणजे कसोटी ०.०१२५. तिच्यात फक्त ताप बसतो. कार्लो बॉनफेरोनी या इटालियन गणितज्ञाच्या १९३६ च्या असमानतेवरून हे नाव पडलं. संख्याशास्त्रातल्या तुलनांसाठी ती नीट वापरात आणली ऑलिव्ह जीन डन यांनी, १९६१ च्या सुमाराला. डन यांचं नाव मागे पडलं याची मला खंत वाटते.

स्वीडनच्या स्टुर होल्म यांनी १९७९ मध्ये यात सुधारणा केली. सगळ्यात लहान पी-मूल्य ०.०५/४ शी ताडायचं. ते पास झालं तर त्यापुढचं ०.०५/३ शी, मग ०.०५/२ शी, मग ०.०५ शी. कुठे अडलं की तिथेच थांबायचं. आपल्या उदाहरणात ०.०११ पास, ०.०१६ हे ०.०१६७ च्या किंचित खाली म्हणून तेही पास, ०.०३० मात्र ०.०२५ च्या वर, म्हणून थांबलो. दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एकूण चूक तरीही पाच टक्क्यांच्या आतच राहते, जास्तीची किंमत मोजावी लागत नाही. त्यामुळे होल्म हाताशी असताना नुसती बॉनफेरोनी वापरायला मला तरी फारसं कारण दिसत नाही. एक सोय तिच्यात आहे: विश्वासांतरं (खरा परिणाम कुठून कुठपर्यंत असू शकेल ते पट्टे) काढायला ती सुटसुटीत पडते.

तिसरी पद्धत १९८८ मधली, योसेफ होखबर्ग यांची. कसोट्या त्याच, पण सुरुवात सगळ्यात मोठ्या पी-मूल्यापासून. ०.०४१ हे ०.०५ च्या खाली आहे ना? मग चारही सिद्ध.

त्याच आकड्यांवर एक, दोन आणि चार अशी तीन उत्तरं मिळाली. म्हणून कुठली पद्धत वापरायची हे आकडे हातात येण्याआधी लिहून ठेवलं पाहिजे. निकाल पाहून पद्धत निवडली की आपण प्रश्नांची संख्या गुपचूप आणखी वाढवलेली असते.

---

पाणंद

माझां कुडाळाक मेडिकल आसा, म्हणान विचारतंय. चार गोष्टी मोजल्यानी, त्यातली एक बरी इली. ती गोष्ट खरीच बरी झाली असात तर? बाकीचे तीन मोजले म्हणान ती खोटी कशी काय होतली?

---

कातळसडा

पाणंद, प्रश्न अगदी मुळावर आहे. ती खोटी होत नाही. औषध खरंच काम करत असेल तर आपण इतर तीन गोष्टी मोजल्या म्हणून ते काम करायचं थांबत नाही. बदलतो तो आपला भरवसा. बाहेरून आपल्याला एवढंच दिसतं की चारातली एक बरी आली. ती खऱ्या परिणामाने आली की योगायोगाने, हे त्या एका आकड्याच्या पोटात शिरून कळत नाही. योगायोगाला चार संधी मिळाल्या होत्या एवढं मात्र पक्कं ठाऊक असतं. तेव्हा पुरावा तेवढा जास्त भक्कम मागायचा.

तुमच्या दुकानात कुणी असं पत्रक आणून दिलं तर एवढंच विचारा: हा ट्रायलचा मुख्य निष्कर्ष का? आणि आणखी काय काय मोजलं होतं?

---

मिरग

आम्ही शेतकीवाले हे दापोलीला सीडीच्या निमित्ताने शिकतो. सीडी म्हणजे क्रिटिकल डिफरन्स. दोन वाणांच्या सरासरीतला फरक सीडीपेक्षा जास्त असेल तर वाण वेगळे. भाताचे बारा वाण लावले तर जोड्या होतात ६६. शिवाय फुटवे, लोंबीतले दाणे, हजार दाण्यांचं वजन, हेक्टरी उत्पादन हे सगळं वेगवेगळं. ६६ जोड्यांत नुसत्या नशिबाने तीनेक जोड्या वेगळ्या दिसणार, हे आमच्या बऱ्याच प्रबंधांत कुणी बोलून दाखवत नाही. आधी एफ कसोटी (सगळ्या वाणांत मिळून काही फरक आहे का हे पाहणारी) सार्थ आली तरच सीडी वापरा, असं शिकवतात. तेवढं कुंपण पुरतं का?

दुसरं असं, की शेतकऱ्याला सगळ्या ६६ जोड्यांशी कर्तव्य नसतं. त्याला एवढंच हवं असतं की नवा वाण तुल्य (तुलनेसाठी ठेवलेल्या) वाणापेक्षा बरा आहे का.

---

कातळसडा

मिरग, एफ कसोटीचं कुंपण तीन वाणांपर्यंत पुरतं. चारपासून गळती लागते. एकच वाण फार वेगळा असला तर त्याच्या जोरावर एफ सार्थ येतो, कुंपणाचं दार उघडतं, आणि आत उरलेल्या सारख्याच वाणांच्या जोड्या मोकाट तपासल्या जातात. सगळ्या जोड्या हव्या असतील तर ट्युकीची पद्धत वापरावी.

तुमचा दुसरा मुद्दा मला फार आवडला. तुल्य वाणाशीच तुलना हवी असेल तर ६६ ऐवजी ११ प्रश्न उरतात. चार्ल्स डनेट यांनी १९५५ मध्ये नेमकी यासाठी पद्धत दिली. औषधांच्या ट्रायलमध्येही एका प्लॅसिबोशी (औषध नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या गोळीशी) तीन-चार डोस ताडायचे असतात तेव्हा ती वापरतात. सगळ्या तुलनांत तुल्य गट एकच असल्यामुळे त्या एकमेकींशी निगडित असतात. डनेट ही गोष्ट हिशेबात घेतो, म्हणून बॉनफेरोनीइतका कडक राहत नाही. प्रश्न मुळातच कमी विचारले की दुरुस्तीही कमी करावी लागते. माझ्या मते यापेक्षा मोलाची युक्ती या विषयात नाही.

---

गलबत

मी रोगपरिस्थितीविज्ञानात (एपिडेमिऑलॉजीत) काम करतो, गाव गुहागरचं. मला थोडी विरुद्ध बाजू मांडायची आहे, कारण ती बाजू खरी आहे असं मला वाटतं.

१९९० मध्ये केनेथ रॉथमन यांनी लिहिलं की अशा दुरुस्त्यांची गरजच नाही. त्यांचा मुद्दा असा की निसर्गात खरे संबंध असतात, ते शोधायला आपण निघालो आहोत, आणि प्रत्येक नव्या प्रश्नाला दंड लावला तर खरे संबंधही हातचे जातात. चुकीचा होकार टाळताना चुकीचा नकार वाढतो, आणि त्याची किंमत रुग्णच मोजतो.

कार्वेडिलॉलचं उदाहरण घ्या. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांवरच्या अमेरिकी ट्रायलमध्ये घटक अभ्यासांचा मुख्य एंडपॉइंट (म्हणजे निकालासाठी मोजायची गोष्ट) बहुतेक ठिकाणी चालण्याची क्षमता हा होता. तिथे फायदा सिद्ध झाला नाही. पण मृत्यूचं प्रमाण प्लॅसिबो गटात ७.८ टक्के आणि औषध गटात ३.२ टक्के आलं. १९९६ मध्ये एफडीए या अमेरिकी औषध नियामकाच्या सल्लागार समितीत यावरून मोठा वाद झाला. मुख्य प्रश्न हरलेला, मग मृत्यूच्या आकड्याला काय अर्थ द्यायचा? पुढे २००१ मध्ये कोपर्निकस ट्रायलमध्ये २२८९ रुग्णांवर मृत्यूचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. औषध खरंच जीव वाचवत होतं. 'हा मुख्य प्रश्न नव्हता' म्हणून तो पुरावा बाजूला सारला असता तर?

---

कातळसडा

गलबत, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य नाही, पण तो हलकाही नाही. त्याच आजारातलं, त्याच वर्षीचं दुसरं उदाहरण शेजारी ठेवतो.

प्रेझ नावाची ट्रायल, १९९६, औषध ॲम्लोडिपिन. एकूण निष्कर्ष सिद्ध झाला नाही. पण ज्यांचा हृदयविकार रक्तवाहिन्यांच्या अडथळ्यामुळे झालेला नव्हता, त्या उपगटात मृत्यू ४६ टक्क्यांनी कमी दिसले. पी-मूल्यही देखणं. शहाणपण असं झालं की त्या संशोधकांनी तो निष्कर्ष जाहीर करून थांबण्याऐवजी फक्त तशा रुग्णांवर दुसरी ट्रायल केली, प्रेझ-२, १६५४ रुग्ण. फायदा काहीच दिसला नाही.

एक आश्चर्यकारक दुय्यम निष्कर्ष खरा ठरला, दुसरा विरून गेला. १९९६ साली ते दोन आकडे समोर असताना कुठला टिकेल हे केवळ आकड्याकडे बघून सांगता आलं असतं असं मला वाटत नाही. दोन्ही वेळा उत्तर मिळालं ते त्याच प्रश्नाला मुख्य करून केलेल्या नव्या ट्रायलमधून.

रॉथमन यांचा मुद्दा शोधमोहिमेसाठी मला पटतो. संशोधनाच्या पहिल्या पायरीवर भरपूर प्रश्न विचारा, सगळे छापा, दुरुस्ती नका करू, फक्त 'हा शोध आहे, निकाल नाही' हे लिहा. औषधाला मान्यता देणारी ट्रायल म्हणजे निकाल असतो. तिथे एकूण चूक बांधलीच, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत ठेवलीच पाहिजे.

मधला रस्ताही आहे. योआव बेंजामिनी आणि होखबर्ग यांनी १९९५ मध्ये वेगळाच निकष मांडला: जाहीर केलेल्या शोधांपैकी सरासरी किती टक्के खोटे असतील ते बांधायचं. हजारो जनुकं एकाच वेळी तपासताना हे योग्य ठरतं, कारण शंभर सापडल्या आणि त्यांतल्या पाच फसव्या निघाल्या तरी पुढच्या तपासात त्या गळतात. औषधाच्या मुख्य दाव्यासाठी मात्र ते चालत नाही.

---

सुरंगी

मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. प्रेझची गोष्ट माहीत नव्हती. आम्हाला विद्यार्थीदशेत आयसिस-२ सांगितली होती, ती इथे टाकते.

१९८८, लॅन्सेट. हृदयविकाराचा झटका आलेले १७,१८७ रुग्ण. पाच आठवड्यांत रक्तवाहिन्यांशी संबंधित मृत्यू ॲस्पिरिन गटात ९.४ टक्के, प्लॅसिबो गटात ११.८ टक्के. निर्विवाद फायदा. उपगटांचे निष्कर्ष किती फसवे असतात हे दाखवायला लेखकांनी मुद्दाम रुग्णांची जन्मराशीनुसार विभागणी केली. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत ॲस्पिरिन किंचित घातक दिसलं, बाकी सगळ्या राशींत उत्तम. (राशी पाश्चात्त्य पद्धतीच्या, जन्मतारखेवरून काढलेल्या. आपल्या पत्रिकेतल्या चंद्रराशी नव्हेत. आमच्याकडे कुणी ना कुणी हे विचारतंच.) राशीच्या जागी 'साठीपुढचे मधुमेही' घातलं असतं तर आम्ही सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवला असता, हे मला तेव्हापासून अस्वस्थ करतं.

कातळसडा, माझी खरी अडचण आता सांगते. तुम्ही उदाहरणासाठी लेप्टो घेतलात. मला खरोखरच पुढच्या पावसाळ्यात तसा अभ्यास करायचा आहे, आसपासच्या काही रुग्णालयांना घेऊन. मला चारही गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक निवडायची आणि बाकीच्या टाकून द्यायच्या, हे जिवावर येतं.

---

सावित्रीकाठ

मी महाडचा. आमच्याकडच्या एका ट्रायलची आठवण या निमित्ताने करून देतो, कारण सुरंगीताईंच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे असं मला वाटतं.

डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून किती जीव वाचवले हे कोकणात सांगायला नको. २०११ मध्ये त्यांची ट्रायल ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली: नुसतं प्राझोसिन विरुद्ध प्राझोसिनबरोबर विंचवाच्या विषावरची लस (म्हणजे प्रतिविष). रुग्ण ७०, प्रत्येक गटात ३५. विंचूदंशात मोजण्यासारखं पुष्कळ असतं. घाम, लाळ, हातपाय गार पडणं, रक्तदाब, नाडी. त्यांनी मुख्य प्रश्न एकच ठेवला: उपचारानंतर दहा तासांनी ही सगळी लक्षणं गेलेली आहेत का? लस दिलेल्या ३५ पैकी ३२ बरे झाले होते, नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. पूर्ण बरं व्हायला किती तास लागले, प्राझोसिनचे डोस किती लागले, हे सगळं दुय्यम म्हणून वेगळं नोंदवलं.

दहा तास हा आकडा आधी ठरलेला होता. तो मोकळा ठेवला असता तर सहा तासांनी पाहू, आठ तासांनी पाहू, बारा तासांनी पाहू, असे कितीतरी प्रश्न झाले असते. तालुक्याच्या गावात बसून इतकं नेटकं काम होऊ शकतं याचा मला अभिमान वाटतो.

---

उधाण

मी एम.एस्सी. संख्याशास्त्राला आहे. होल्मची पद्धत एकूण चूक का बांधते याची सिद्धता वर्गात झाली, ती इतकी छोटी आहे की लिहिल्यावाचून राहवत नाही.

समजा खरी शून्य गृहीतकं (म्हणजे जिथे औषधाचा खरोखर परिणाम नाही) एकूण क आहेत. पायऱ्या चढताना त्यांतलं पहिलं गृहीतक चुकून जिथे फेटाळलं गेलं ती पायरी पाहा. त्याच्या आधी यांतलं एकही गेलेलं नाही, म्हणजे त्या क्षणी निदान क गृहीतकं शिल्लक आहेत. म्हणून त्या पायरीवरची कसोटी ०.०५/क किंवा त्याहून लहानच असणार. म्हणजे चूक व्हायची तर क खऱ्या गृहीतकांपैकी एकाचं तरी पी-मूल्य ०.०५/क च्या आत यायला हवं, आणि याची शक्यता बॉनफेरोनीच्या असमानतेने जास्तीत जास्त ०.०५. झालं! गृहीतकं एकमेकांशी कशीही निगडित असली तरी चालतं.

प्रश्न असा: ट्रायल चालू असताना मध्येच आकडे पाहणं हाही याच जातीचा प्रकार आहे का?

---

कातळसडा

उधाण, सिद्धता छान मांडलीस. 'कशीही निगडित असली तरी' हे तू लिहिलंस तिथेच होल्म आणि होखबर्गमधला फरक आहे. होखबर्गला निगडितपणाबद्दल गृहीत धरावं लागतं, म्हणून त्याचं जास्तीचं फळ फुकट मिळत नाही.

हो, मध्येच पाहणं हा त्याच जातीचा प्रकार. आर्मिटेज आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये हिशेब करून दाखवला: प्रत्येक वेळी ०.०५ लावून दोनदा पाहिलं तर एकूण चूक ८.३ टक्के, पाच वेळा पाहिलं तर १४.२ आणि दहा वेळा पाहिलं तर १९.३. आकडे वीस प्रश्नांइतके भयंकर नाहीत, कारण दुसऱ्यांदा पाहताना पहिले रुग्ण त्यात असतातच. पोकॉक यांनी १९७७ मध्ये सुचवलं की पाचदा पाहायचं असेल तर दर वेळी कसोटी ०.०१५८ ठेवा. ओब्रायन आणि फ्लेमिंग यांनी १९७९ मध्ये वेगळी वाटणी केली: सुरुवातीला जवळजवळ अशक्य वाटावी इतकी कडक, शेवटी ०.०४१ च्या आसपास. मला दुसरी जास्त पटते. थोड्या रुग्णांवरून घाईने ट्रायल थांबवायची नाही, आणि शेवटच्या निकालाला फारशी झळ नाही.

सुरंगीताई, आता तुमचं. बाकीच्या तीन गोष्टी टाकून द्यायची अजिबात गरज नाही. त्यांचा क्रम लावा. पहिली गोष्ट पूर्ण ०.०५ वर तपासायची. ती सिद्ध झाली तर दुसरी, तीही पूर्ण ०.०५ वर. मग तिसरी. जिथे अडेल तिथे थांबायचं, त्याखालच्या गोष्टी फक्त वर्णन म्हणून द्यायच्या. आगरात पाटाचं पाणी एक वाफा भरला की पुढच्यात सोडतात, तसं. ब्रेट्झ, माउरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याचीच चित्रं केली: प्रत्येक प्रश्नाचं एक वर्तुळ, त्याच्या वाट्याचा अल्फा (म्हणजे ०.०५ मधला हिस्सा), आणि तो प्रश्न सिद्ध झाला तर त्याचा अल्फा कुणाकडे किती जाणार हे दाखवणारे बाण. होल्म, ठरावीक क्रम अशा बऱ्याच पद्धती त्या चित्रांत बसतात. गणित न येणाऱ्या डॉक्टरांबरोबर बसून योजना आखायला याहून चांगलं साधन मी पाहिलं नाही.

क्रमाच्या पद्धतीचा धोका एकच. पहिली गोष्ट चुकीची निवडली आणि ती अडली, तर खाली कितीही सुंदर आकडा आला तरी त्यावर दावा करता येत नाही.

---

मिरग

वाफ्यात पाणी मुरतं हो. इथे मात्र पहिला वाफा भरूनही पुढच्याला पूर्ण पाट मिळतो, एवढा फरक.

---

कातळसडा

बरोबर. अल्फा मुरत नाही, सिद्ध झालेल्या प्रश्नाकडून तो जसाच्या तसा पुढे जातो. आणि वाफा भरलाच नाही तर पुढे थेंबही नाही.

---

गलबत

क्रमाच्या पद्धतीला माझा विरोध नाही. एक पुस्ती जोडतो. दोन गोष्टी दोन्ही सिद्ध झाल्या तरच औषध यशस्वी, असा नियम असेल तर अल्फा वाटावा लागत नाही. अल्झायमरच्या ट्रायलमध्ये स्मृती-आकलन आणि रोजचा व्यवहार या दोन्हींत फायदा दाखवावा लागत असे, तसं. पण तिथे ताकद (खरा फायदा पकडण्याची शक्यता) घटते. प्रत्येकीत यश मिळण्याची शक्यता ८० टक्के असेल आणि त्या स्वतंत्र असतील, तर दोन्हींत मिळून ६४ टक्केच. रुग्णसंख्या त्या हिशेबाने वाढवा.

आणि आधी लिहून ठेवण्याबद्दल माझा विरोध तर मुळीच नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेच्या पैशावर झालेल्या मोठ्या ट्रायलचा आढावा कॅप्लन आणि अर्विन यांनी २०१५ मध्ये घेतला. २००० सालापूर्वीच्या ३० पैकी १७ ट्रायलनी मुख्य बाबतीत फायदा दाखवला होता. २००० नंतरच्या २५ पैकी फक्त २. त्या सुमारास नोंदणीची पद्धत आली आणि मुख्य प्रश्न आधी जाहीर करावा लागू लागला. हे एकमेव कारण असेल असं नाही, पण मला तरी हे सगळ्यात बोलकं कारण वाटतं. बेन गोल्डेकर यांच्या गटाने मोठ्या पाच वैद्यकीय नियतकालिकांतल्या ६७ ट्रायल नोंदणीशी ताडून पाहिल्या, त्यांतल्या ५८ बद्दल संपादकांना दुरुस्तीचं पत्र लिहावं लागलं. आधी सांगितलेले एंडपॉइंट गायब, नवेच उगवलेले.

---

पाणंद

आपल्याकडे असां नोंदवचा लागता काय? आणि ता माझ्यासारख्याक बघूक गावता?

---

कातळसडा

गावता! भारतात सीटीआरआय ही नोंदवही आयसीएमआरच्या संख्याशास्त्र संस्थेने २० जुलै २००७ ला सुरू केली. १५ जून २००९ पासून औषध महानियंत्रकांनी नोंदणी सक्तीची केली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते, मागाहून नाही. संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे. पत्रकावर ट्रायलचा नोंदणी क्रमांक असेल तर तो तिथे टाका आणि मुख्य एंडपॉइंट म्हणून काय लिहिलंय ते पत्रकातल्या ठळक ओळीशी ताडून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. परदेशातल्या ट्रायलसाठी अमेरिकेची नोंदवही आहे, तीही खुली.

---

सुरंगी

माझ्या सहकाऱ्यांशी बोलले. सगळ्यांचं पहिलं मत 'रुग्णालयातले दिवस मुख्य ठेवा' असं पडलं, कारण मोजायला सोपं आणि खर्चाशी थेट संबंध. मी नको म्हटलं. आमच्याकडे लेप्टोचा जोर आणि गणपती एकाच मोसमात येतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ताप अंगात असलेला माणूसही सही करून घरी जातो, आणि ज्याचं घर लांब वाडीत आहे त्याला आम्हीच एखादा दिवस जास्त ठेवून घेतो. त्या आकड्यात औषध कमी आणि बाकीच गोष्टी जास्त. तो शेवटी टाकला.

प्लेटलेटवरही वाद झाला. आकडा सुधारला म्हणून रुग्ण सुधारला असं लेप्टोत नेहमी म्हणता येत नाही. मूत्रपिंडाचं जास्त भय वाटतं.

तर क्रम असा: पहिली गोष्ट, उपचार सुरू केल्यापासून ताप उतरेपर्यंतचे तास. ताप उतरला म्हणजे काखेतलं तापमान सलग चोवीस तास ३७.५ अंशांच्या खाली, दर सहा तासांनी नोंद. दुसरी, क्रिएटिनिन. तिसरी, प्लेटलेट. चौथी, रुग्णालयातले दिवस. प्रत्येक ०.०५ वर, या क्रमाने, अडेल तिथे थांबायचं. उपगट दोनच, वय आणि दाखल होताना कावीळ आहे की नाही, आणि त्यांवर दावा काही करायचा नाही. हे नैतिक समितीकडे पाठवायच्या मसुद्यात घालते आहे. काही राहिलं का?

---

गलबत

गणपतीचा मुद्दा मसुद्यात जसाच्या तसा लिहा. एंडपॉइंट का नाकारला याचं कारण स्थानिक असेल तर परीक्षकांना तेच सगळ्यात आधी पटतं.

---

कातळसडा

ताई, मसुदा उत्तम झालाय. तापाची व्याख्या तर इतकी नेमकी आहे की दुसऱ्या रुग्णालयातली सिस्टर ती वाचून तशीच नोंद करू शकेल.

एक राहिलं. क्रिएटिनिन कुठल्या दिवशीचं? तिसऱ्या, पाचव्या, की घरी जाताना? आणि आकडा थेट ताडणार की दाखल होतानाच्या आकड्यापासूनचा बदल? हे मोकळं ठेवलं तर दुसऱ्या क्रमांकावर एक नव्हे, सहा प्रश्न बसतील, आणि वरचा सगळा क्रम लावूनही एकूण चूक पाच टक्क्यांत राहणार नाही. प्लेटलेटचंही तसंच. शिवाय आधीच घरी गेलेल्या रुग्णाचा त्या दिवशीचा आकडा मिळाला नाही तर काय करणार, तेही आत्ताच लिहा. गणपतीत हे होणारच आहे.

---

सुरंगी

पाचव्या दिवशीचं, दाखल होतानाच्या आकड्यापासूनचा बदल. दोन्हींसाठी. घरी गेलेल्यांचं रक्त पाचव्या दिवशी आशाताईंमार्फत जवळच्या उपकेंद्रात घेता येईल, तशी सोय विचारून ठेवते. तरीही न मिळालेल्या आकड्यांसाठी कुठली पद्धत वापरायची ते तुम्ही सांगा, म्हणजे नोंदणीच्या अर्जात तीही घालते.